उंबरठ्यावरचं नाक

आधीच सांगून ठेवतो, मागून तक्रार नको. ‘आमचे एक सर होते’ असं वाचलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येतं ते मला ठाऊक आहे. पांढरा सदरा, बाहीवर खडूची पूड, गरिबाच्या लेकराची फी गुपचूप भरणारा देवमाणूस, आणि शेवटी मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडायलोय. तसलं काही इथं नाही. आमच्या सरांनी माझी फी भरली नाही. उलट माझ्या डब्यातली शेंगाची चटणी ‘प्रयोगाला पाहिजे’ म्हणून दोन वर्षं खाल्ली. प्रयोग कसला, पोळीसोबत खायचे.

मुखेडच्या ज्युनियर कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे. कुठंही आत शिरायचं असलं, वर्ग असो, हॉटेल असो, कुणाचं मयताचं घर असो, हा माणूस आधी दारात थांबायचा. पहिला श्वास लांब. दुसरा उथळ, चोरून घेतल्यासारखा. तिसरा पुन्हा लांब. मग डावी भुवई वर जायची, जशी कुणी आतून दोरीनं ओढली. मग म्हणायचे, “हं. आलं.”

काय आलं? वास आला. कशाचा? ते ह्या माणसाला ठरवू द्यायचं, तोवर आम्ही मागं पाठीवर दप्तर घेऊन ताटकळत उभं.

पहिल्याच तासाला त्यांनी मला उठवलं.

“सांग, माझ्या नाकानं आत्ता काय केलं?”

“वास घेतला, सर.”

“चूक. नाकानं खबर आणली. निस्ती खबर. वास डोक्यानं बनवला. खबर येगळी, अर्थ येगळा. लिहून घ्या.”

पुस्तकात ह्या खबरीला वेदन म्हणतात आणि अर्थाला संवेदन. सर ते दोन्ही शब्द परीक्षेपुरते फळ्यावर लिहायचे आणि पुसून टाकायचे. बाकी वर्षभर ‘खबर येगळी, अर्थ येगळा’. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजायला लागलो तर म्हातारा होईन.

मी मानसशास्त्र कामून घेतलं? तर एका दोस्तानं सांगितलं होतं की ते घेतलं की पोरींच्या मनातलं कळतं. दोन वर्षांत एकीच्याही मनातलं कळलं नाही. मुळा आणि पेरू ह्यातला फरक तेवढा कळेनासा झाला. सरांनी सगळ्या वर्गासमोर माझे डोळे बांधले, नाक चिमटीत धरलं आणि तोंडात एक फोड टाकली.

“बोल, काय हाय?”

“पेरू, सर.”

“पक्कं?”

“पक्कं. गोड हाय. आमच्या शेतातल्यासारखा.”

त्यांनी नाक सोडलं. मुळ्याचा वास टाळूपर्यंत चढला. वर्ग बाकांवर आपटून आपटून हसला. सर मात्र हसले नाहीत, उलट लई खुश झाले. “बघा, ह्यानं शेत बी आणलं! खबर कुठंच न्हाई, आन् शेत तयार!” त्यानंतर महिनाभर मला कॉलेजात सगळे मुळा म्हणायचे. हे त्यांचं शिकवणं.

कॉलेजाबाहेर तरी सुटका व्हावी ना? एकदा आम्ही दोघं मुखेडच्या बसस्टँडवर भेटलो. त्यांना लोह्याला जायचं होतं, मला नांदेडला. लाउडस्पीकरवर घोषणा झाली. आमच्या स्टँडची घोषणा कशी असते सांगतो, कुणीतरी पितळी हंड्यात तोंड घालून ओरडल्यासारखी. माणसं उठली, पिशव्या घेऊन पळाली. सर जागचे हलले नाहीत. त्यांनी एका आजीला धरलं, “मावशी, काय ऐकू आलं?”

“उदगीर लागली म्हणला की.”

मग एका पोत्यावाल्याला, “दादा, तुमाला?”

“देगलूर.”

मग मला. मी म्हणलं, “नांदेड, सर.”

मग हा माणूस थेट कंट्रोलरच्या खिडकीत गेला. तिथं कळलं की घोषणा कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची होती. सर परत आले ते आनंदानं लाल होऊन. “ज्याला जिथं जायचं, त्याला तेच ऐकू आलं! खबर एक, अर्थ तीन!” हे ते मला समजावून सांगत होते तोवर त्यांच्या मागून लोह्याची बस निघून गेली. मी बोट दाखवून ओरडलो. ते म्हणले, “हां हां, जाऊ दे, तू ऐक.”

जाऊ दे काय जाऊ दे? पुढचा दीड तास मला ऐकावं लागलं. माझी बसही मी त्यांच्यापायी सोडली.

आता ह्या माणसाच्या घरी काय होत असेल, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. घरी काकू होत्या. काकू म्हणजे सरांची बायको. मुखेडात त्यांना सरांपेक्षा जास्त लोक ओळखायचे, कारण त्या येसर करायच्या. आपल्याकडं लग्नाला येसराची आमटी लागते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं, शेवटी एका कढईत मिळून परतायचं, मग कुटायचं. काकूंचं येसर लोह्याला जायचं, उदगीरला जायचं, लातूरला कुणाची लेक दिली असली तर तिच्या पेटीतनं तिकडंही जायचं.

पण काकूंची एक अट होती. सर कॉलेजातनं आल्याशिवाय शेवटची कढई उतरायची नाही. त्यामागं कारणही होतं, आणि ते सरांनी आम्हाला तासाला सांगितलं होतं. तीन तास धुरात बसून भाजणाऱ्याचं नाक थकतं. त्याला मग कच्चंही कळत नाही, करपलेलंही कळत नाही. खरं कळतं ते बाहेरून आलेल्याला, पहिल्या दोन-तीन श्वासात. तो एकदा आत येऊन बसला की त्याचंही नाक गेलं कामातनं. म्हणून सर उंबरठ्यावरच थांबायचे. चप्पलसुद्धा काढायची नाही. आतून काकू पाठमोऱ्याच विचारायच्या, “आलं का वो?”

तीन श्वास, भुवई, आणि निकाल. निकाल तीनच. ‘अजून न्हाई’ म्हणजे भाजत राहा. ‘आलं’ म्हणजे उतरव. आणि ‘पुढं गेलं’ म्हणजे करपलं, टाकून दे. ‘पुढं गेलं’ म्हणलं की काकू एक शब्द न बोलता अख्खी कढई उकिरड्यावर ओतायच्या. एवढा त्या नाकावर भरवसा. आम्ही पोरं तर म्हणायचो की सरांचं लग्न त्यांच्या नाकानंच जमवलं असंल.

गॅदरिंगला मी त्यांची नक्कल केली. नकला मी लहानपणापासून करतो. बैलाची, सरपंचाची, हंड्यातल्या घोषणेची. सरांची नक्कल केली तेव्हा हॉल असा हसला की मंडप हलला. नाक, भुवई, ‘हं, आलं’. मला वाटलं आता सर चिडतील, मला मजा येईल. सर स्टेजच्या मागं आले आणि वही तपासल्यासारखे बोलायला लागले.

“पहिला श्वास बरोबर. दुसरा लई खोल घेतलास, तो उथळ पाहिजे. आवाज एकदम तंतोतंत. पण भुवई चुकली. माझी डावी जाती, तू उजवी उचललीस.”

“न्हाई सर, मी नीट बघितलंय दोन वर्षं.”

“समोरून बघितलंस ना? आरशात बघितल्यासारखं केलंस मग. खबर बरोबर, अर्थ उलटा. नकल्या हायस, पण कच्चा हायस.”

सांगा, आता ह्या माणसाला चिडवायचं तरी कसं? तेव्हापासून माझं नाव नकल्या पडलं. मुळ्यापेक्षा बरं म्हणून मी ते ठेवलं.

कॉलेज सुटलं. मी लग्नात माइक धरायला लागलो, हळदीला नकला करायला लागलो. त्यावर पोट चालतंय. सर कधी रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो, खरं सांगतो. आणि एके दिवशी सकाळी सर माझ्या दारात. उंबरठ्यावर थांबले. मी वाट बघत राहिलो. श्वास नाही, भुवई नाही. सरळ आत आले आणि खुर्चीवर बसले. आमच्या घरात तेव्हा कांद्याची फोडणी चालली होती. हा माणूस त्यावर काहीच बोलला नाही. मी घाबरलोच.

“नकल्या, तू माझी नक्कल अजून करतोस का?”

“न्हाई सर, कधीच न्हाई,” मी म्हणलं. आदल्याच दिवशी एका हळदीत केली होती.

“कर. आन् मला शिकव.”

“काय शिकवू?”

“माझी नक्कल.”

मग कळलं. दोन महिन्यांमागं ताप आला होता. ताप चार दिवसात गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. फुलाचा वास नाही, गटाराचा नाही, काही नाही. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, येईल तर येईल. आणि हे त्यांनी काकूंना सांगितलंच नव्हतं. दोन महिने उंबरठ्यावर थांबून ‘आलं’ म्हणत होते.

“मग तुम्हाला कळतंय कसं?”

“ठसक्यावर. मिरचीचा ठसका वासाचा नसतो. त्याची नस येगळी हाय, ती शाबूत हाय. ठसका लागला की मी मनात शंभर मोजतो आन् आलं म्हणतो.”

“आन् बरोबर येतंय?”

कुठलं बरोबर? लोह्याच्या एका बाईनं येसर परत पाठवलं होतं, करपट लागतंय म्हणून. मग आणखी एकीनं. काकूंना वाटलं, आपलाच हात गेला. कारण सरांचं नाक चुकेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. आता उदगीरची मोठी ऑर्डर होती, त्यांच्या मावसबहिणीच्या लेकीच्या लग्नाची. काकूंनी सांगून टाकलं होतं, ह्यात करपट आलं तर मी पुन्हा कढईला हात लावणार न्हाई.

“सर, म्हणजे नाक तुमचं गेलं आन् बदनाम काकूंचा हात?”

“हाव.”

“मग सांगून टाका की त्यान्ला!”

“तिला तिच्या हाताचा भरवसा न्हाई रे, माझ्या नाकाचा हाय. नाकच न्हाई म्हणलं की ती आजच कढई पालथी घालती. एवढी ऑर्डर निघू दे. मग सांगतो.”

मी कपाळाला हात लावला. एवढा शिकलेला माणूस, जगाला खबर आणि अर्थ सांगत हिंडतो, आणि स्वतःच्या बायकोला एक साधी खबर देता येईना.

पण खरी गंमत पुढं होती. ठसक्याच्या नादात त्यांचा चेहरा बिघडला होता. आधी वास यायचा म्हणून चेहरा व्हायचा. आता वासच नाही, तर चेहरा कसा करायचा ते त्यांना आठवेना. आणि काकू हल्ली रोखून बघायल्या होत्या. म्हणून मग मी, ज्याला ह्यांनी मुळा खाऊ घातला, ह्यांना ह्यांचंच तोंड शिकवायला बसलो.

“सर, पहिला लांब.”

त्यांनी असा श्वास ओढला की हौदावर बैल पाण्यात फुरफुरावा.

“एवढा न्हाई! दुसरा उथळ. चोरून. चोरून घ्या सर, उचलून नका नेऊ. आता भुवई.”

त्यांनी उजवी उचलली.

“डावी, सर.”

“तू समोर बसलायस. मला आरशासारखं हुतंय.”

मी असा हसलो की खुर्चीवरून घसरलो. सर हसले नाहीत. ते पुन्हा पुन्हा भुवई उचलत राहिले, उजवी, उजवी, मग दोन्ही, मग पुन्हा उजवी. घामाघूम झाले. तेव्हा माझंही हसू थांबलं. मी उठून त्यांच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसलो आणि म्हणलं, “चला सर, परत पहिल्यापासून.”

ठरलं असं, की ऑर्डरच्या दिवशी मी सोबत जायचं. नाक माझं, तोंड त्यांचं. आलं असलं की मी कान खाजवायचा. नसलं की डोकं. पुढं गेलं असलं तर खोकायचं, असं सर म्हणले. मी म्हणलं, सर, मिरची भाजताना खोकला तसाही येणार. मग खोकल्याऐवजी घड्याळ बघायचं ठरलं. माझ्याकडं घड्याळ नव्हतं, तर त्यांनी स्वतःचं काढून माझ्या हातात बांधलं.

संध्याकाळी आम्ही दोघं उंबरठ्यावर. आत काकू पाठमोऱ्या. हातात उलथणं, पदर नाकाला, शेगडीवर झाकलेली कढई, कडेनं वाफ निघायलेली. मी श्वास घेतला आणि काय सांगू तुम्हाला, असा खमंग वास आला! धने, खोबरं, सगळं. तोंडाला पाणी सुटलं. मी कान खाजवला.

सरांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा खाजवला, जोरात. मग सरांनी श्वास घेतले. लांब, उथळ, लांब. भुवई. “हं. आलं.” मला माझ्या शागिर्दाचा अभिमान वाटला.

काकू वळल्या. कढईवरचं झाकण उचललं. आत पाणी होतं. निव्वळ पाणी, खळखळ उकळायलेलं.

“काय आलं वो?”

माझं बोट अजून कानावरच होतं.

“पाण्याला कसला वास आला? धन्याचा का खोबऱ्याचा? परवा दूध करपलं. धूर निघायला, मी शेजारणीकडनं पळत आले. आन् हे माणूस चुलीपासनं चार हातावर पेपर वाचून राहिलंय! तव्हाच म्हणलं बघावं. पंचवीस वर्षं माझ्यावर प्रयोग केले, आज म्या एक केला.” मग माझ्याकडं वळून, “आन् तू रे? तुझं बी नाक गेलं का?”

“न्हाई काकू, आईशपथ, मला खरंच वास आला!”

“मिरची भाजली असती तर ठसका लागला नसता? डोळ्यातनं पाणी आलं नसतं? ह्या भिंतीला पंचवीस वर्षांचा वास हाय, त्यो आला असंल तुला! न्हाई तर तुझ्या मनातला!”

आणि तेव्हा, एवढी चोरी पकडली गेली असताना, बायको हातात उलथणं घेऊन उभी असताना, ह्या माणसाचा चेहरा असा उजळला जशी लॉटरी लागली.

“आगं, बघितलंस? ह्याचं नाक शाबूत हाय! तरी बी! कढई दिसली, तू दिसलीस, वाफ दिसली, आन् डोक्यानं वास तयार केला! मला ठसका आला न्हाई म्हणून मी थांबलो होतो गं, पण ह्यानं कान...”

उलथणं माझ्या कानाजवळून गेलं. ते सरांसाठी होतं, पण काकूंचा नेम तसा कच्चा.

मग काकू खाली बसल्या. आवाज एकदम उतरला. “दोन महिने मी माझ्या हाताकडं बघत बसले वो. रोज. म्हणलं कुठं चुकतंय. माप चुकतंय का, आच चुकती. एक शब्द बोलला असता तुम्ही.”

सर उंबरठा ओलांडून आत गेले. चप्पल तशीच पायात. तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणले, “चुकलं.” त्या दिवशी त्यांनी कशाचाही अर्थ सांगितला नाही.

ऑर्डर मात्र द्यायचीच होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी खरं येसर भाजायला घेतलं आणि नाक म्हणून मला धरलं. सर मला गल्लीच्या टोकापर्यंत चालत न्यायचे, परत आणायचे, उंबरठ्यावर उभं करायचे. “डोळे मीट. कान बंद. कढईकडं बघू नको, ती खोटं बोलती. आधी धन्याची खबर येईल. मग खोबऱ्याची. खोबऱ्याच्या मागून जी येती, तिला आलं म्हणायचं.” तीनदा चुकलो. तीनदा गल्ली मोजली. चौथ्या वेळेला खोबऱ्याच्या मागून काहीतरी आलं, सुकलेल्या गवतावर ऊन पडावं तसं. मी म्हणलं, “काकू, आलं.” उदगीरहून काही परत आलं नाही, एवढंच सांगतो.

तेव्हापासून मी अडकलो. भाजायचा दिवस असला की फोन. मी कुठं हळदीत माइक धरून असलो तरी फोन. आणि उंबरठ्यावर माझ्या बाजूला सर उभेच.

“काय खबर?”

“धने आले, सर.”

“कसे?”

“कसे म्हणजे? धन्यासारखे.”

“नीट सांग की लेका, मला येत न्हाई.”

मग मी सांगायचो, शेजारच्या लग्नातल्या बँडसारखं, आधी लांब, मग जवळ. ते वैतागायचे. “कविता नको. खबर दे.” मग मी खबर द्यायचो. ते डोळे मिटून ऐकायचे, मान थोडी पुढं, लहान लेकरानं गोष्ट ऐकावी तसं. माझा जीव जायचा. मला तिकडं मंडपात उशीर व्हायचा आणि हे म्हणायचे, “खोबरं कुठपर्यंत आलं? चुलीपाशी हाय का दारापाशी?”

एकदा असं झालं. मी खोबऱ्यापर्यंत सांगितलं होतं. पुढचं यायचं होतं. आणि मी तोंड उघडायच्या आत सर म्हणले, “हं. आलं.” डावी भुवई वर. मी श्वास घेतला. खरंच आलं होतं.

“सर, ही खबर का अर्थ?”

दोन वर्षं कॉलेजात आणि नंतर एवढी वर्षं, हा माणूस पहिल्यांदाच उत्तर द्यायचं विसरला. नुसतं म्हणला, “चल, चप्पल काढ.”

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात सर गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. मी सुरुवातीला सांगितलं होतं की रडारड नाही, तर नाही. मयताच्या घरात शिरताना दारात गर्दी अडली होती, कारण मी उंबरठ्यावर थांबलो होतो. मागून लोक ढकलायले, “आरं, चल की आत.”

काकूंनी कढई काढून माळ्यावर टाकली. चार-पाच महिने तशीच गेली. मग लोह्याच्या एका लग्नासाठी त्याच बाईनं, ज्या बाईनं येसर परत पाठवलं होतं तिनंच, गळ घातली. काकूंचा फोन आला. “नकल्या, संध्याकाळी ये. जास्त बोलू नको.”

मी गेलो. गल्लीच्या टोकापासून चालत आलो, शिकवल्याप्रमाणं. उंबरठ्यावर थांबलो. आत काकू पाठमोऱ्या, उलथणं फिरायलेलं. आता मस्ती म्हणा, सवय म्हणा, मला खरंच माहीत नाही. डोळे मिटले. लांब श्वास. उथळ. लांब. डावी भुवई, शपथ सांगतो, डावीच. आणि घशातनं जो आवाज निघाला तो माझा नव्हता.

“हं. आलं.”

काकू वळल्या नाहीत. कढईकडं बघतच म्हणल्या, “आले का? मग उभे कामून? चपला काढा, पाय धुवून घ्या.”

उलथणं थांबलं. हात तसाच हवेत. मीही तसाच. कढईतनं आधी पांढरा, मग काळा धूर निघायला लागला, ठसक्यानं माझ्या डोळ्यात पाणी आलं, ठसक्यानंच, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

मग काकू वळल्या.

“मुडद्या! कुणाचा आवाज काढतो रे? कुणाचा? हिथं हळद हाय का, लोक बसलेत का हसायला? लाज कशी वाटत न्हाई! आन् बघ, ये हिकडं, बघ कढईत. हात थांबला माझा तुझ्यापायी. एवढ्या धन्याचा, एवढ्या खोबऱ्याचा कोळसा झाला, आन् म्हणतोय आलं! कुठं आलं? पुढं गेलंय ते, पुढं! नाक हाय का पाण्याचा नळ? ह्यासाठी त्यानी तुला उन्हातान्हात गल्लीभर हिंडवलं? रडू नको आता, पूस ते. जा. टोकापर्यंत जाऊन ये परत. म्या दुसरं टाकते. आन् ह्या बारीला सोताच्या आवाजात सांग. घसा हाय ना तुला सोताचा?”